दात नंतर, हाड आधी

दात काढला की आठ-दहा दिवसांत जखम भरते, ठणका थांबतो आणि माणूस तो विषय डोक्यातून काढून टाकतो. जबड्याचं हाड मात्र त्याच दिवसापासून झिजायला लागतं. हाडाचा तो भाग तिथे असतो तो दाताला धरून ठेवण्यासाठी. दात गेला की शरीराच्या लेखी त्याचं काम संपतं आणि ते त्याला पोसणं सोडून देतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ साली हे मोजून दाखवलं. दाढ काढल्यावर वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी जवळपास निम्मी होते, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होऊन गेलेली असते.

वाशीमला माझ्या खुर्चीत बसून ‘डॉक्टरसाहेब, खिळ्याचा पक्का दात बसवून द्या’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा दाढ काढून पाच-सात वर्षं उलटल्यावर आलेला असतो. मधल्या काळात लेकीचं लग्न उरकलेलं असतं, मुलगा कामाला लागलेला असतो, पैशांची जुळवाजुळव झालेली असते. हाड तेवढं उरलेलं नसतं. बोटांच्या चिमटीत हिरडी धरून पाहिली तरी कळतं की आत चार मिलिमीटरचा स्क्रू मावेल एवढीही जागा नाही. मग कृत्रिम हाडाची भुकटी, वेगळी शस्त्रक्रिया, आणखी सहा महिने आणि वाढलेला खर्च हे सगळं सांगावं लागतं, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. ही पुस्तिका आहे इम्प्लांटवर, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेल्या दातावर, पण तिचा निम्मा मजकूर हाडावर आहे तो यामुळे.

आपल्याकडे दात उशिरा काढला जातो, याचाही यात वाटा आहे. वरची दाढ काढली की नजर जाते, ही समजूत रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कुठेही ऐका. दाताच्या संवेदना मेंदूकडे नेणारी नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी, आणि दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. चाळिशीत दाढाही किडतात आणि चष्माही लागतो, एवढाच काय तो योगायोग. पण या भीतीपायी कुजलेली दाढ वर्षानुवर्षं तोंडात राहते. मुळाशी पू होतो, गोळी घेतली की बसतो, पुन्हा होतो. हा पू हाड खातो. अखेर दाढ निघते तेव्हा ती बोटानेही निघावी इतकी हलत असते. माणूस खूश होतो, की त्रास न होता निघाली. त्रास झाला नाही, कारण तिला धरून ठेवणारं हाड आधीच संपलं होतं.

या उपचाराचा इतिहास पुस्तिकेत थोडक्यात आला आहे. इथे दोनच गोष्टी सांगतो. १९३१ मध्ये मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशात एका स्त्रीच्या जबड्याचा तुकडा सापडला. त्यात पुढच्या खालच्या दातांच्या जागी शिंपल्याचे तीन तुकडे, दाताच्या आकारात घासून बसवलेले होते. काळ इसवी सन ६०० च्या आसपासचा. म्हणजे इकडे वत्सगुल्माच्या, आपल्या वाशीमच्या, वाकाटकांचं राज्य लयाला जाऊन शंभरेक वर्षं झाली असतील. मेल्यानंतर सजावट म्हणून ते तुकडे बसवले असावेत, असं आधी सगळ्यांना वाटलं. १९७० च्या सुमारास त्या जबड्याचे एक्सरे काढले तेव्हा शिंपल्याभोवती हाड वाढलेलं दिसलं. म्हणजे ती बाई जिवंत असताना हे झालं होतं, आणि तिच्या हाडाने ते स्वीकारलं होतं. मला या बाईचं फार कौतुक वाटतं. भूल नव्हती तेव्हा.

दुसरी गोष्ट स्वीडनची. पेर-इंगवार ब्रॉनेमार्क नावाचा संशोधक १९५२ मध्ये लुंड इथे सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होता. त्यासाठी त्याने टायटॅनियमची बारीक नळी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर महागाची नळी परत काढायला गेला, तर ती निघेना. हाड धातूला चिकटून एकजीव झालं होतं. त्याला दातांशी घेणंदेणं नव्हतं, पण पुढची वाट तिथूनच निघाली. १९६५ मध्ये गोथेनबर्ग इथे त्याने पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवले. तो माणूस २००६ मध्ये वारला तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ, त्याच स्क्रूंवरच्या दातांनी जेवत होता. तरीही दंतवैद्यकाच्या जगाने ब्रॉनेमार्कवर विश्वास ठेवायला १९८२ ची टोरांटोची परिषद उजाडावी लागली. जबड्यात धातू टिकतच नाही, असं तोपर्यंत सगळे शिकत आणि शिकवत आले होते, आणि त्यांचे आधीचे अनुभवही तसेच होते.

टायटॅनियमच का, याचं उत्तर त्याच्या पृष्ठभागात आहे. हवा लागताक्षणी या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. शरीराची गाठ पडते ती या थराशी, आतल्या धातूशी नाही, आणि हा थर शरीराला परका वाटत नाही. हाडाच्या पेशी येऊन थेट त्याला बिलगतात, मध्ये मांसल पडदा तयार होत नाही. बाकी ‘जर्मन’, ‘स्विस’, ‘कोरियन’, ‘देशी’ ही चर्चा दवाखान्याबाहेरच्या बाकावर जितकी रंगते, तितकी तिची गरज नाही. स्क्रू नावाजलेल्या कंपनीचा असावा, एवढं खरं, आणि त्याचं कारण मी शेवटी देतो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया लोकांना वाटते त्यापेक्षा फार शांतपणे होते. दाढ काढताना देतात तेच भुलीचं इंजेक्शन. हिरडीला छोटी चीर. मग आधी बारीक, नंतर क्रमाक्रमाने जाड अशा ड्रिलने हाडात भोक केलं जातं, आणि पूर्ण वेळ त्यावर थंड सलाइनची धार चालू असते. ती धार सोडली तर बाकी सगळं वाया. हाडाचं तापमान ४७ अंशांच्या वर मिनिटभर जरी राहिलं तरी तिथल्या पेशी मरतात, आणि मेलेल्या हाडात स्क्रू धरत नाही. ड्रिल म्हणून सावकाश फिरवायचं, दाबायचं नाही, काढायचं, पाणी आत जाऊ द्यायचं, पुन्हा घालायचं. शेवटी साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीचा आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांबीचा स्क्रू हाताच्या पान्याने आवळतात. घट्ट बसतानाचा तो आवळ हाताला कळतो. हाड चांगलं असेल तर फार छान कळतो. रुग्णाला दुखत नाही. जबड्यात कुणीतरी काहीतरी पिळतंय एवढंच जाणवतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटते.

खरी जोखीम दोन जागी असते. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस हाडाच्या आतून जाते. तिच्यापासून निदान दोन मिलिमीटर अंतर राखलं नाही तर ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते, कधी कायमची. वरच्या मागच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते आणि दाढ गेल्यावर ती आणखी खाली उतरते. म्हणून साध्या एक्सरेवर भागत नाही, सीबीसीटी नावाचा स्कॅन लागतो. त्यासाठी अकोल्याला जावं लागलं तर जावं. त्या दीड-दोन तासांच्या प्रवासावर वाचवलेले पैसे पुढे महागात पडतात.

स्क्रू बसला की थांबायचं. ब्रॉनेमार्कच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्याला तीन महिने आणि वरच्याला सहा महिने थांबत, कारण वरचं हाड भुसभुशीत असतं. आता स्क्रूचा पृष्ठभाग खडबडीत करतात, त्यामुळे हा काळ बराच कमी झाला आहे; निवडक रुग्णांना त्याच दिवशी तात्पुरता दातही देता येतो. पण वाशीमच्या शेतकरी कुटुंबाला मी सहसा जुन्या चालीने जायला सांगतो. इथला पैसा सोयाबीनवर येतो, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास. स्क्रू तेव्हा बसवावा. तुरी निघतात डिसेंबर-जानेवारीत, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये; वरच्या टोपीचं, म्हणजे स्क्रूवर बसणाऱ्या दाताचं, माप आणि तिचे पैसे तोपर्यंत आपसूक जमतात. हाडाला लागणारी सवड आणि घरात पैसा येण्याची वेळ इतकी जुळलेली दुसरी शस्त्रक्रिया मला माहीत नाही. दोन हप्त्यांत खर्च विभागला जातो आणि कर्ज काढावं लागत नाही.

यात एक खाचखळगा आहे, तो चंपाषष्ठीचा. स्क्रू बसवतानाची पकड असते ती जुन्या हाडाची. नंतरच्या आठवड्यांत शरीर ते दुखावलेलं जुनं हाड काढून टाकतं आणि त्या जागी नवं बांधतं. जुनं गेलंय आणि नवं अजून पक्कं व्हायचंय, असा मधला काळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, आणि स्क्रूची पकड तेव्हा सगळ्यात कमी असते. नेमकं तेव्हाच दुखणं पूर्ण थांबलेलं असतं, टाके निघालेले असतात, माणूस विसरलेला असतो. दिवाळीनंतर आठवड्याभराने स्क्रू बसवला असेल तर चौथा आठवडा बरोबर चंपाषष्ठीला येतो आणि ताटात वांग्याच्या भरिताबरोबर रोडगा येतो. गोवरीच्या विस्तवात भाजलेला रोडगा चांगल्या दातालाही जड. ज्यांच्या तोंडात नुकताच स्क्रू आहे, त्यांनी तो भरितात कुस्करून, वरून तूप घेऊन, दुसऱ्या बाजूने खावा. देवाची हरकत नसावी.

इम्प्लांट पूर्ण झाल्यावरही तो जन्माच्या दातासारखा होत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. आपला दात हाडात थेट रुतलेला नसतो. तो सुतळीने विणलेल्या खाटेवर निजलेल्या माणसासारखा असंख्य बारीक तंतूंवर टांगलेला असतो. चावताना किंचित दबतो, पुन्हा वर येतो. भाताबरोबर खडा आला की घास तिथेच थांबतो, तो या तंतूंमुळे. इम्प्लांटला हे तंतू नाहीत. तो दबत नाही आणि खडाही वेळेवर सांगत नाही. म्हणून त्याच्या टोपीची उंची शेजारच्या दातांपेक्षा केसभर कमी ठेवावी लागते. हे तंतू हिरडीच्या कडेशी जंतूंना अडवायचंही काम करतात. इम्प्लांटभोवती तो अडसर कच्चा असतो. घाण साचली तर सूज झपाट्याने हाडापर्यंत उतरते, आणि हे सगळं न दुखता होतं. धातूला कीड लागत नाही म्हणून घासायची गरज नाही, असं समजणारे बरेच आहेत. त्यांचे स्क्रू पाच-सहा वर्षांत हलायला लागतात. एरवी, चांगल्या हाडात नीट बसवलेले आणि स्वच्छ ठेवलेले शंभरातले नव्वदहून अधिक स्क्रू दहा वर्षांनंतरही जागेवर असतात.

तंबाखूवर पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते लांबलं आहे, याची मला कल्पना आहे. पण २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातला दर चौथा प्रौढ माणूस तंबाखू घेतो, आणि त्यातले बहुतेक ती ओढत नाहीत, तोंडात धरतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर बंदीचं काय होतं ते मी सांगायला नको. बिडी-सिगारेटने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो आणि स्क्रू धरण्याचं प्रमाण कमी होतं, हे ठाऊक असतं. खर्रा आणि सुपारीचा प्रश्न वेगळा आहे. त्याने गालाची आतली बाजू पांढरट, चामड्यासारखी कडक होत जाते आणि तोंड उघडणं कमी कमी होतं. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक ठेवून तोंडात जातात का, पाहा. निरोगी माणसाची जातात. दोनच जात असतील तर मागच्या दाढेच्या जागी ड्रिल नेणंच शक्य नसतं. हाड कितीही चांगलं असो, तिथवर पोचता येत नाही. आणि तोंड असं आखडणं ही कर्करोगाच्या आधीची अवस्था असू शकते. अशा माणसाने दाताचा विषय बाजूला ठेवून आधी ते दाखवावं. पंचविशीची पोरं मी या अवस्थेत पाहतो, तेव्हा इम्प्लांटविषयी बोलायला जीभ वळत नाही.

साखर असलेल्यांना इम्प्लांट चालत नाही, हा गैरसमज. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए-वन-सी, सात-साडेसातच्या आत असेल तर चालतं. दहा असेल तर आधी ती आणावी खाली. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन घेतलेल्या बायकांनी मात्र ते न विसरता सांगावं. ‘दाताचा आणि त्या सुईचा काय संबंध’ असं वाटून ते सांगायचं राहतं. पण त्या औषधाने जबड्याचं हाड भरून येण्यात अडचण येऊ शकते. वाढीच्या वयातल्या मुलांना स्क्रू बसवूच नये. कबड्डीत किंवा गाडीवरून पडून पुढचा दात गेलेल्या पंधरा वर्षांच्या पोराच्या आईवडिलांची घाई मला समजते. पण जबडा वाढत राहतो, बाकीचे दात त्याच्याबरोबर सरकतात, स्क्रू तिथेच राहतो. आणि विशीत तो दात इतरांपेक्षा आखूड, वर अडकल्यासारखा दिसतो. तोवर काढता-घालता येणारा दात वापरावा.

आता ज्यांना इम्प्लांटची गरजच नाही त्यांच्याविषयी. आमच्या व्यवसायात हे फारसं कुणी छापत नाही. सगळ्यात मागची एखादी दाढ गेली आणि बाकीचे दात नीट जुळत असतील, तर ती जागा रिकामी ठेवूनही माणूस आयुष्यभर नीट जेवू शकतो. नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी हे १९८० च्या दशकापासून दाखवून दिलं आहे. शेजारच्या दोन्ही दातांवर आधीच टोप्या असतील तर त्यांच्याच आधाराने बसवलेला ब्रिज स्वस्त पडतो आणि महिन्याच्या आत होतो. आणि रूट कॅनॉल करून वाचणारा दात वाचवावा. इम्प्लांट करायचाय म्हणून तो काढू नये. असा सल्ला कुणी दिला तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं.

सगळे दात गेलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. वरची कवळी टाळूला धरून बसते, ती सहसा त्रास देत नाही. खालची कवळी जिभेच्या हालचालीने उचलली जाते, बोलताना उडते, शेवटी डब्यात जाऊन बसते, आणि आजी भाकर दुधात कालवून खायला लागते. अशांना तोंडभर स्क्रूंची गरज नसते. खालच्या जबड्यात पुढे दोन स्क्रू, त्यांवर बटणं, आणि कवळी त्या बटणांवर टचकन बसणारी. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं. पुढच्या भागातलं हाड सगळ्यात शेवटी झिजतं, म्हणून सत्तरीतही तिथे बहुधा जागा मिळते. ज्या घराला सहा-आठ स्क्रूंचा खर्च ऐकून हात टेकावेसे वाटतात, त्या घराला हे अनेकदा परवडतं. पण ते विचारतच नाहीत, कारण असं काही असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

खर्चाचं बोलायचं तर एका स्क्रूला टोपीसकट वीस-पंचवीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत काहीही सांगितलं जातं. सरकारकडून फारशी आशा धरू नये. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांसाठी कवळी आहे, इम्प्लांट नाही. वाशीम १९९८ साली अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला, २०२४ मध्ये इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आलं; पण शासकीय दंत महाविद्यालयासाठी आजही नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. समृद्धी महामार्गाने कारंजा-मालेगावकडच्यांना नागपूर जवळ आलं, एवढा दिलासा. तिथे डॉक्टरांची फी नाममात्र असते, स्क्रूची किंमत मात्र आपल्यालाच द्यावी लागते. बाजाराच्या दिवशी पेटी मांडून शे-पाचशे रुपयांत ‘फिक्स दात’ चिकटवणाऱ्यांकडे जाऊ नका, एवढंच सांगतो. ते प्लास्टिकचा लगदा शेजारच्या दोन चांगल्या दातांना चिकटवतात, आणि वर्षभरात तेही दोन हलायला लागतात.

कंपनीचा मुद्दा राहिला. आमच्याकडच्या घरोघरी कुणीतरी पुण्याला असतं. मुलगा आईला तिकडे नेतो, चांगल्या दवाखान्यात इम्प्लांट करवून देतो, आई रिसोडला परत येते. दोन-तीन वर्षांनी टोपीच्या आतला बारीक स्क्रू सैल होतो. बिघाड किरकोळ, पाच मिनिटांत आवळण्याजोगा. पण कंपनी बदलली की पानाही बदलू शकतो, आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाचाही फरक चालत नाही. आईला कंपनी ठाऊक नसते. दवाखान्याने कागद दिलेला नसतो, दिला असेल तर तो पुण्याच्या घरी असतो, किंवा मुलाने घर बदललेलं असतं. कंपनी कुठलीशी बंद पडलेली असेल तर आणखी पंचाईत. मग मी एक्सरेवरच्या आट्यांवरून अंदाज बांधत बसतो.

म्हणून या पुस्तिकेचं शेवटचं पान तुम्ही भरण्यासाठी सोडलं आहे. त्यावर एक तक्ता छापला आहे : कोणत्या दाताच्या जागी, कंपनी आणि प्रकार, जाडी, लांबी, लॉट नंबर, बसवल्याची तारीख, टोपी सिमेंटने बसवली की स्क्रूने. स्क्रूच्या डबीवर हे सगळं लिहिलेलं चिकटपत्र असतं, ते डॉक्टरांकडून मागून तिथे चिकटवा. मग पान फाडून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून मुलाला, सुनेला, जावयाला पाठवून द्या.